जुना फ्लॅश हॉट-शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) चढवण्याआधी

बाबांचा जुना व्हिव्हिटार २८३ फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावू का, असं तुम्ही विचारलंय आणि त्यावर एकाने 'बिनधास्त लावा' म्हटलंय. कृपा करून तसं करू नका. २८३ च्या सुरुवातीच्या नगांचा ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅश उडवताना कॅमेऱ्याच्या संपर्कावर येणारा दाब, २०० व्होल्टच्या वर जातो आणि तो न पेलणारा कॅमेरा बिघडू शकतो. निकॉनच्या डीएसएलआरला (लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांना) २५० पर्यंत चालतं, पण कॅननच्या सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांना मर्यादा ६ व्होल्टचीच होती.

आधी मोजा. सेल घाला, रेडी लाइट लागू द्या, मल्टिमीटर डीसीवर ठेवून लाल प्रोब फ्लॅशच्या पायाच्या (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या भागाच्या) मधल्या पिनला आणि काळा कडेच्या धातूला लावा. आकडा तुमच्या कॅमेऱ्याच्या मर्यादेपेक्षा मोठा आला तर ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसताच हा फ्लॅश उडवणाऱ्या जोडणीवर) वापरा, म्हणजे कॅमेऱ्याशी तारेचा संबंधच नाही.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर (आतला वीज साठवणारा भाग) सुस्तावतो. पहिल्यांदा चार्जिंगला फार वेळ लागला तर घाबरू नका. चार्ज करून थोडा वेळ तसाच ठेवा, मग काही वेळा उडवा. पुढे महिन्यातून एकदा हे कराच. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात सेल आत ठेवून फ्लॅश कपाटात टाकू नका, गळतात. अल्कलाइन सेलची पांढरी पूड बसली असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन सेलला टेकणारी धातूची पत्ती पुसा, नीट वाळू द्या. फ्लॅशचं कवच मात्र उघडू नका, बंद फ्लॅशमध्येही ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात.