मदत हवी आहे: पेशंटला आजाराचं नाव सांगितलेलंच नाही, मग संशोधनाची संमती कशी घ्यायची?

नमस्कार.

मी स्टाफ नर्स आहे. अकरा वर्षं वॉर्डात काढली, आता एमएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव देवगड तालुक्यात. प्रबंधासाठी घेणार आहे ते पेशंट डे-केअर युनिटमध्ये केमोला येणारे, बहुतेक किनारपट्टीच्या गावांतले. सिनॉप्सिस पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे आणि मी एकाच जागी अडकून बसलेय. इथे नर्सिंगमधले, संशोधनातले आणि घरात कॅन्सरचा पेशंट सांभाळलेले असे सगळेच वाचतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी विषय. आमच्याकडचा पेशंट पहाटे पाचच्या एसटीने निघतो, दहापर्यंत त्याचं रक्त तपासून होतं, दुपारपर्यंत औषध चढतं आणि चारच्या गाडीने तो परत जातो. पुढची सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, बहुतेकांची २१ दिवसांनी. त्या एका दिवसाची आमच्याकडे तासातासाची नोंद असते. मधल्या वीस दिवसांची एक ओळ नसते. आणि खरा त्रास तर तेव्हाच होतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी खूप खाली जातात, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर पेशंट त्याच दिवशी दवाखान्यात पोचायला हवा. घरात थर्मामीटर नसतो. अंग तापलं तर "पावसात भिजलो असेन" म्हणून गोळी घेऊन माणसं पडून राहतात. तोंड आलेलं असतं, जेवण तुटलेलं असतं, आणि पुढच्या खेपेला वजनकाट्यावर उभं केल्यावर आम्हाला ते कळतं.

म्हणून माझा विचार असा, की नर्सने दोन सायकलींच्या मध्ये दोनदा फोन करायचा. तोंड, जेवण, झोप, ताप, पोट, मनात काय चाललंय हे विचारायचं, मीठ-सोड्याच्या गुळण्या नीट चालू आहेत का ते बघायचं, गरज असेल तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. आधीचं आणि तीन सायकलींनंतरचं जीवनमान, म्हणजे रोजचं जगणं कितपत सुसह्य आहे ते, मोजून फरक पडतो का ते पाहायचं. अमेरिकेत न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँटच्या ग्रामीण भागात असं काम झालेलं आहे. एनेबल-२ नावाचा अभ्यास, प्रगत कॅन्सरचे ३२२ रुग्ण, नर्स फोनवरून मार्गदर्शन करायच्या. तो २००९ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्णांचं जीवनमान आणि मनःस्थिती सुधारली, शारीरिक लक्षणांच्या तीव्रतेत मात्र ठळक फरक दिसला नाही. मला हे वाचून अजिबात निराश व्हायला झालं नाही. फोनवरून उलटी थांबवता येत नाही हे मलाही माहीत आहे. कोणीतरी विचारपूस करतंय एवढ्यानं माणसाला त्या रात्री झोप लागते, हेही मी पाहिलेलं आहे.

आता अडचण.

माझ्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत 'कर्करोग' हा शब्द आहे. आणि वॉर्डात येणाऱ्या कितीतरी जणांना तो शब्द घरच्यांनी सांगितलेलाच नाही. गाठीचं औषध, ताकदीचं सलाइन, रक्त वाढायची बाटली, असं काहीतरी सांगून आणलेलं असतं. मुलगा मुंबईहून फोन करतो, "सिस्टर, आईसमोर तो शब्द काढू नका हां, ती हाय खाईल." त्याचा राग येत नाही. चाळीत एका खोलीत राहून, नाइट करून तो आईच्या औषधाचे पैसे पाठवतो, आणि आईला या एका गोष्टीपासून तरी वाचवावं असं त्याला वाटतं.

एका आजींचं सांगते. सत्तरी उलटलेली, जन्मभर मिश्री लावलेली, गालाच्या आतली जखम. तोंडाला वास येतो म्हणून पूर्ण वेळ पदराचं टोक ओठांवर धरून बसतात, बोलतानाही काढत नाहीत. आमच्याकडे शून्य ते दहाचा दुखण्याचा तक्ता आहे, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बरा आसा गो बाय." मी एकवर खूण केली. सून बाजूला गेली, मी सलाइनचा वेग बघायला वाकले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "पेज पण गिळूक जमणा नाय. आदी दोन वाटये घेय, आता अर्दी. ती पण थंड करून." तक्त्यावर एक आणि ताटात अर्धी वाटी पेज. त्या दिवशी मी एकची खूण खोडली, पण तिथे काय लिहायचं ते सुचेना.

गाइड मॅडमचं म्हणणं, "ज्यांना निदान माहीत नाही ते वगळ. एक्स्क्लूजन क्रायटेरियात एक ओळ टाक, एथिक्स कमिटीही काही विचारणार नाही." त्यांचा अनुभव मोठा आहे आणि कागदावर ते बरोबरही आहे. पण त्यांना वगळलं तर मागे कोण उरतं? शिकलेले, बोलके, स्वतः रिपोर्ट वाचणारे. त्यांचं जीवनमान मी छान मोजेन. ज्या बाईला घरात कोणाशी या विषयावर बोलताच येत नाही, तिची गणतीच होणार नाही. माझ्या मते फोनची सगळ्यात जास्त गरज तिलाच आहे.

मुलाची सही घेऊन काम भागवावं असंही एकाने सुचवलं. मला ते पटत नाही. आजी पूर्ण शुद्धीत आहेत, स्वतःचे निर्णय घेतात, त्यांच्याऐवजी दुसऱ्याने होकार कसा द्यायचा?

तर विचारायचं ते हे. नाव न घेता खरी संमती घेता येते का, की ती फसवणूकच झाली? माहितीपत्रकात काय लिहावं? आणि "बरा आसा" म्हणणाऱ्या माणसाचं बरं-वाईट कोणत्या साधनाने मोजावं? प्रत्यक्ष माहिती गोळा करायला अजून सुरुवात केलेली नाही, कमिटीची परवानगी यायची आहे.

— सिस्टर देवगड

जुन्या ट्यूटर:

अगं, तुझा धागा दोनदा वाचला. तीस वर्षं मुलींचे प्रबंध तपासले, त्यात "निदान माहीत असलेले रुग्ण" ही ओळ इतक्या वेळा वाचली की कधी थांबून विचारच केला नाही. तू थांबलीस ते बरं केलंस.

मुलाची सही घेऊ नकोस. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. सज्ञान आणि समजून घेऊ शकणाऱ्या माणसाची संमती त्याचीच लागते. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा, आणि संशोधनाशी संबंध नसलेला एक तटस्थ साक्षीदार. सून तटस्थ नाही, तूही नाहीस.

नावाबद्दल. तुझ्या अभ्यासात पेशंटकडून तू काय मागतेस? दोन सायकलींच्या मध्ये दोन फोन, काही प्रश्नांची उत्तरं, नाही म्हणायची मोकळीक, आणि नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही याची हमी. हे सगळं 'या युनिटमध्ये उपचार घेणाऱ्या रुग्णांचा त्रास आणि घरची काळजी' अशा मथळ्याखाली खरंखरं सांगता येतं. यात खोटं काही नाही. पण हे गुपचूप करू नकोस. दोन्ही मथळे कमिटीपुढे ठेव, शास्त्रीय आणि सोपा, आणि सोपा का हवा ते अर्ध्या पानात लिही. त्या आजींची गोष्ट लिहिलीस तशीच लिही. निर्णय त्यांना घेऊ दे.

खरी कसोटी पुढे आहे. एखादी बाई फोनवर विचारेल, "माका नेमका काय झाला हा?" तेव्हा खोटं बोलायचं नाही, आणि तू एकटीने सांगायचंही नाही. हे कोण, कधी, कुठे सांगणार ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलून लेखी ठरवून ठेव. वाईट बातमी सांगण्याची स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे, २००० साली आलेली. तिच्यात सांगण्याआधी दोन पायऱ्या विचारण्याच्या आहेत: तुम्हाला काय माहीत आहे, आणि किती जाणून घ्यायचं आहे. काही जणी म्हणतील, "माझ्या झिलाक (मुलाला) विचारा." तोही त्यांचा निर्णय. त्या तुझ्या अभ्यासात येऊ शकतात.

आणखी एक. वॉर्डात सलाइन लावणारी तू आणि संमती मागणारीही तूच असशील, तर कोणी तुला नाही म्हणणार नाही. संमती दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांग.

सिस्टर देवगड:

बाई, शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्याकडे समाजसेवा अधीक्षक आहेत, त्यांना विचारते. फोनवर पेशंटला रडू आलं किंवा मन फारच खचलेलं वाटलं तर पुढे कुठे पाठवायचं, तेही त्याच लेखी योजनेत घालू का?

जुन्या ट्यूटर:

घालायलाच हवं. कमिटी पहिलं तेच विचारेल.

खाडीपलीकडे:

ताई, मी संशोधनातला नाही. आईला तीन वर्षांपूर्वी आम्ही सांगितलं नव्हतं. मुंबईला उपचाराला न्यायचो, दवाखान्यात शिरताना तिला बोर्ड दिसू नये म्हणून मी तिच्या डाव्या बाजूने चालायचो. चौथी शिकलेली, वाचायला येत होतं तिला.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला तिकिटात सवलत असते, त्याचा दाखला माझ्या शर्टाच्या खिशात. एकदा रात्री दादरला जाताना टीसी आला, यादी बघितली आणि सहज विचारलं, "कॅन्सर पेशंट कोण यातले?" तो आपलं काम करत होता. मी दाखला काढेपर्यंत आईनेच हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा. मग शाल ओढून खिडकीकडे तोंड करून झोपली. संगमेश्वर गेलं, चिपळूण गेलं, मी जागाच. सकाळी उतरल्यावर म्हणाली, "चहा पिऊया आधी."

त्यानंतर ती पाच महिने होती. आम्ही दोघांनीही तो शब्द कधी काढला नाही. तिला कोणाशी बोलायचं होतं का, ते मला कळलं नाही. घरातल्या कोणाला ती सांगणार नव्हती, पण फोनवर एखाद्या नर्सताईला सांगितलं असतं असं वाटतं. त्या आजींना वगळू नका एवढंच सांगायला लॉगिन केलं.

सिस्टर देवगड:

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमची हरकत नसेल तर हा प्रसंग नाव-गाव न घेता गाइड मॅडमना वाचून दाखवू का?

खाडीपलीकडे:

दाखवा.

आकडेमोड:

साधनाबद्दल माझं मत. फॅक्ट-जी घेऊ नका. कॅन्सरच्या पेशंटचं जीवनमान मोजणारी चांगली प्रश्नावली आहे, २७ प्रश्न, पण त्यात "मला मरणाची काळजी वाटते" अशा अर्थाचं विधान आहे. ज्यांना काही सांगितलेलं नाही त्यांना ते फोनवर वाचून दाखवणं अवघड जाईल. ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली बघा. १९९३ पासून जगभर वापरात आहे, मराठी अनुवाद मिळतो, शैक्षणिक कामासाठी पैसे पडत नाहीत, फक्त त्यांच्या संकेतस्थळावरून परवानगी घ्यायची. तिच्या ३० प्रश्नांत कुठेही कॅन्सर हा शब्द नाही, "शारीरिक स्थिती किंवा उपचार" एवढंच येतं. आणि पहिल्या २८ प्रश्नांची उत्तरं अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप अशा शब्दांत आहेत. शून्य-दहापेक्षा ते तुमच्या लोकांना जवळचं वाटेल. अठ्ठाविसावा प्रश्न पैशांच्या ओढाताणीचा आहे, तो तर हमखास बोलका निघेल.

नमुना संख्या: एकाच गटाचं आधी-नंतर, मध्यम परिणाम ०.५ धरला, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो दिसण्याची शक्यता), तर ३४ जण पुरतात. पाचवा हिस्सा गळेल असं धरून ४३ घ्या. फक्त दुसरा गट नसल्यामुळे सुधारणा फोनमुळेच झाली असं ठामपणे म्हणता येणार नाही, ते मर्यादांमध्ये लिहा.

सिस्टर देवगड:

४३ जमतील. पण वेळापत्रक सांभाळावं लागेल. आंब्याच्या दिवसांत लोक सायकल पुढे ढकलतात, शिमग्याला पालखी दारात यायची असेल तर कोणी येत नाही, आणि गणपतीत चाकरमानी घरी असल्यावर फोन नेमका मुलगाच उचलतो. शिवाय खालच्या वाडीत रेंज नाही, सड्यावर देवळापाशी आलं तरच फोन लागतो. त्यांच्यासाठी गावातल्या आशाताईंना (आशा सेविकांना) सोबत घ्यावं असं डोक्यात आहे.

प्रश्नावलीत पेजेच्या वाट्यांचा प्रश्न घुसवता येईल का?

आकडेमोड:

प्रमाणित प्रश्नावलीतला एक शब्दही बदलू नका, नाहीतर इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. वाट्यांची वेगळी नोंदवही करा, रोजची. तो तुमचा स्वतंत्र निष्कर्ष होईल. कठीण शब्द बोलीत कसा समजावायचा ते मात्र आधी लिहून ठरवा आणि सगळ्यांना तसंच सांगा.

सिस्टर देवगड:

हे पटलं. वहीत तीन वाट्यांची चित्रं काढतेय, भरलेली, अर्धी आणि रिकामी, म्हणजे लिहिता न येणाऱ्यांनाही खूण करता येईल. खाली 'गरम' की 'थंड' तेही, कारण तोंड आलं की आधी गरम सुटतं.

काल मॅडमना सगळं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, दादांचा प्रसंग पुन्हा एकदा वाचायला सांगितला, आणि मग म्हणाल्या, "ती ओळ तूर्त काढ, कमिटी काय म्हणते बघू."

आता एकच मदत हवी. समजावून सांगायची वाक्यं मी मालवणीत लिहिली आहेत, पण राजापूरच्या वरचे पेशंट संगमेश्वरी बोलतात आणि माझी ती भाषा नाही. कोणी वाचून दुरुस्त करून देईल का? दोन पानंच आहेत. 'थकवा'साठी तिकडे घरात काय म्हणतात, तिथेच अडलंय.

अबोली:

माझं माहेर लांजा, आई अजून संगमेश्वरीच बोलते. पानं पाठवा, तिला वाचून दाखवते आणि ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून परवापर्यंत देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.