एकाच दाराचे तीन रंग, लाकूड चांगलंय का गेलंय?

माळवदाखालचा:
राम राम मंडळी. आमचं गावाकडचं घर अंबाजोगाईजवळ, पणजोबाच्या टायमाचं, पाच खणाचं माळवद. मागच्या पावसाळ्यात एका खणाची माती खाली आली म्हणून आता उतरवून स्लॅब टाकायलोत. चौकट, मोठं दोन कवाडांचं दार, खांब, तुळया सगळं निघायलंय. तर दाराची बाहेरची बाजू पार राखेसारखी झालीय, उभ्या चिरा पडल्यात, हात फिरवला की कुसळं घुसतात. त्याच दाराची आतली बाजू तपकिरी अन् गुळगुळीत, आणि चुलीवरच्या तुळया तर डांबर फासल्यासारख्या. जुनं लाकूड घेणारा एकजण येऊन बघून गेला, म्हणला मेलेलं लाकूड आहे, जळणाच्या भावात देऊन टाका. मला काही पटलं नाही म्हणून कडेला थोडा रंधा मारला तर आतून पिवळं निघालं, चामड्यासारखा वास पण आला. आता आठ-दहा दिवसात ते पिवळं पण परत तपकिरी व्हायलंय! हे काय प्रकरण आहे कुणी सांगेल का? अन् विकायचं का ठेवायचं?

रंधापटाशी_नांदेड:
दादा जळणाच्या भावात देऊ नका, त्यो माणूस तुम्हाला येड्यात काढायलाय. चामड्यासारखा वास अन् हाताला तेलकट लागत असंल तर सागवान आहे. आमच्याकडं किनवटच्या जंगलातलं सागवान येतं, ताजं कापलं की हिरवट-पिवळं, मधीच पट्टे, गिऱ्हाईक म्हणतं हे कसलं लाकूड दिलं, चार-सहा आठवडे उजेडात ठेवा म्हणतो, आपोआप एकसारखं सोनेरी होतं. तुमचा रंधा मारलेला भाग तेच करायलाय.

रंगावरून लाकूड गेलं का नाही हे कळत नसतं. पेचकस घ्या अन् टोचा. कुठं टोचायचं ते सांगतो: चौकटीचे जमिनीत गेलेले पाय, तुळईची भिंतीत गाडलेली टोकं, आणि जिथं माळवद गळत होतं त्याच्या खालचा भाग. लाकूड सडायचं तर ओल लागते, कोरड्यात शंभर वर्षं पडलं तरी बुरशी लागत नाही. पेचकस लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तेवढा तुकडा कापून काढा, बाकीचं ठेवा. बारीक भोकं अन् खाली मैद्यासारखी पूड दिसली तर भुंगेरा आहे, पण त्यो सागवानात बहुतेक सालीजवळच्या पांढऱ्या भागातच शिरतो, आतला गाभा त्याला जमत नाही. मातीच्या नळ्या दिसल्या की वाळवी.

रसायनवाला_लातूर:
वरचं बरोबर आहे, फक्त रंगाचं कारण सांगतो, शाळेत हेच शिकवतो म्हणून राहवत नाही. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन असतं. उन्हातली अतिनील किरणं लिग्निन तोडतात, म्हणून लाकूड आधी पिवळं-तपकिरी होतं. बाहेरच्या बाजूला वरून पाऊस पडतो, तो तुटलेलं लिग्निन धुऊन नेतो, मागे उरतात फिकट धागे, त्यावर थोडी बुरशी अन् धूळ, झाला राखाडी. तुमची कुसळं म्हणजे तेच सुटे धागे. पण ऊन आत शिरत नाही हो, तो थर अगदी पातळ, त्याखाली सगळं जसंच्या तसं. आतली बाजू पावसात भिजलीच नाही म्हणून गडद राहिली. आणि तुळया काळ्या म्हणजे धूर, दुसरं काही नाही.

चिरांचं पण, आपल्याकडं मे महिन्यात लाकूड आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, दर वर्षी तेच. म्हणून दार आषाढात अडकतं अन् उन्हाळ्यात फटीतून उजेड येतो.

परभणीकर_३३:
माझ्याकडून झालेला गाढवपणा सांगतो, तुम्ही करू नका. आमच्या देवघराच्या चौकटीला लौकर काम व्हावं म्हणून कॉस्टिक सोडा लावला, तर सागवान काळं ठिक्कर पडलं अन् वरून धागे सुटले. मग चुलत्यानं जळकं इंजिन ऑइल चोपडलं वाळवी लागू नये म्हणून. दोन वर्षं देवघरात गॅरेजचा वास. म्हातारी अजून बोलते.

रंधापटाशी_नांदेड:
😄 खिळ्याभोवती काळं दिसलं तर घाबरू नका कुणी. लोखंड आणि लाकडातला तुरट रस ओलीत भेटला की शाई होते. बाभळीच्या लाकडात तर लई, तिच्या सालीनं कातडं कमावतात ते उगच का.

माळवदाखालचा:
आज टोचून बघितलं. चौकटीचे दोन्ही पाय खालून चार बोटं भुसभुशीत, एका तुळईचं टोक गेलंय, बाकी सगळं टणक, हातोडी मारली की टणटण वाजतंय. एक खांब मात्र बाभळीचा निघाला, आम्ही आतापर्यंत सगळंच सागवान समजत होतो. आता घासायचं किती? अन् वर काय लावू, आजी करडईचं तेल म्हणती.

रसायनवाला_लातूर:
आजीचं ऐका. करडई आणि जवस दोन्ही तेलं हवेत हळूहळू घट्ट होतात, शेंगदाण्याचं होत नाही, चिकट राहतं अन् धूळ धरतं. जवस जास्त चांगलं वाळतं पण थोडं पिवळं पडतं. पातळ हात द्या, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्या. अन् तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेतात, वाळत घाला नाहीतर पाण्यात बुडवा.

रंधापटाशी_नांदेड:
घासायचं म्हणाल तर हातानं, रेषेच्या दिशेनं, कुसळं जाईपर्यंतच. मशीन लावलं की कडीच्या घासानं पडलेली अर्धगोल खूण पण जाईल, ती परत कुठून आणणार.

उदगीरकाकू:
१९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्याच वर्षी माझ्या सासऱ्यांनी भीतीपोटी माळवद उतरवलं अन् तुळया मिळंल त्या भावाला दिल्या. लाकूड वाईट नव्हतं रे बाबा, वरची माती अन् दगडाच्या भिंती जड होत्या. आता मुलाच्या फ्लॅटला नुसतं दार करायचं म्हणलं तर सुतार काय आकडा सांगतो विचारू नका.

माळवदाखालचा:
काकू 🙏 दार ठेवायलोय, पाय कापून खाली दगडी उंबरा देणार. त्या माणसाचा सकाळी परत फोन होता, तुळया राहू द्या म्हणला, नुसतं दार असलं तरी चालंल.