व्हिडिओ कापण्याच्या टूलचे डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी कसे लिहावे?

प्रश्न: संकलनमेज

नमस्कार. आमचा चार जणांचा गट अभियांत्रिकीच्या मराठी व्याख्यानांचे व्हिडिओ तयार करतो. कापणे, जोडणे, उपशीर्षके बसवणे ही कामे आम्ही एफएफएमपेगवर (आज्ञा लिहून चालवायचे व्हिडिओ सॉफ्टवेअर) करतो आणि गेल्या महिन्यापासून ती एका एआय एजंटकडून (सूचना वाचून स्वतः टूल्स चालवणारे एआय मॉडेल) करून घेण्याचा खटाटोप चालू आहे. त्यासाठी एफएफएमपेगभोवती सहा छोटी टूल्स बांधली आणि प्रत्येकाचे वर्णन मूळ मॅन्युअलमधून जवळजवळ जसेच्या तसे उचलले. तिथेच घोळ झाला.

९०व्या सेकंदापासून १२०व्या सेकंदापर्यंतचा भाग मागितला, तर तीस सेकंदांऐवजी दोन मिनिटांची फाइल हाती आली आणि एजंटने ‘काम पूर्ण झाले’ असे कळवले. दुसऱ्या एका व्याख्यानात तुकडा सांगितलेल्या जागेच्या सहा-सात सेकंद आधीच सुरू झाला. तिसऱ्या वेळी एजंट अर्धा तास नुसताच थांबून राहिला. त्या नावाची फाइल आधीपासून होती आणि ती पुसायची का, या प्रश्नाच्या उत्तराची एफएफएमपेग वाट पाहत होते, हे आम्हाला नंतर कळले. मॅन्युअलमध्ये हे सगळे आहे, हे मान्य. मग टूलच्या वर्णनात नेमके काय लिहावे आणि किती?

उत्तर १: कीफ्रेम

तुमच्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. मॅन्युअल ज्या माणसासाठी लिहिलेले असते तो काप घेतल्यावर फाइल उघडून पाहतो आणि चूक दिसली की आज्ञा बदलून पुन्हा चालवतो. तुमचा एजंट फाइल पाहत नाही. वर्णनात लिहिले आहे तेवढेच त्याचे जग असते.

‘एसएस’ हा सुरुवातीची वेळ सांगणारा पर्याय आज्ञेत इनपुट फाइलच्या आधी दिला, की पुढे काळाची मोजणी शून्यापासून नव्याने सुरू होते. त्यामुळे आउटपुटच्या बाजूला दिलेल्या, शेवटाची वेळ सांगणाऱ्या ‘टू १२०’ चा अर्थ ‘मूळ फाइलच्या १२०व्या सेकंदापर्यंत’ असा न राहता ‘१२० सेकंद’ असा होतो. दुसरी तक्रार कीफ्रेमची, म्हणजे इतर फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण चित्राची आहे. पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे नव्याने संकुचित न करता, मूळ व्हिडिओप्रवाह तसाच उचलला, तर तुकडा आधीच्या कीफ्रेमपासून सुरू होतो. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये दोन कीफ्रेममधले कमाल अंतर मुळात २५० फ्रेमचे ठरवलेले असते, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत दहा सेकंदांचे. तेव्हा सहा-सात सेकंदांची चूक त्यात सहज बसते.

हे सगळे एजंटला शिकवत बसू नये. टूलनेच ते आतल्या आत सांभाळावे आणि वर्णनात फक्त परिणाम सांगावा. आमच्याकडचे एक वर्णन असे आहे:

‘मूळ फाइलमधील दोन क्षणांमधला भाग नव्या फाइलमध्ये काढते. दोन्ही वेळा मूळ फाइलच्या आरंभापासून मोजून, सेकंदांत, दशांशासह द्याव्यात. चित्र पुन्हा एन्कोड होते, म्हणून काप फ्रेमवर अचूक बसतो, पण वेळ जास्त लागतो. मूळ फाइल बदलत नाही. नव्या नावाची फाइल आधीच असल्यास ती न पुसता त्रुटी परत येते. ढोबळ तुकडे वेगळे करायचे असल्यास हे टूल न वापरता झटपट_काप वापरावे.’

यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. टूल कधी वापरू नये, हे मॅन्युअलमध्ये क्वचितच सापडते.

उत्तर २: पंचवीस_फ्रेम

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘सेकंदांत द्याव्यात’ हे वर्णनात लिहून भागत नाही, ते पॅरामीटरच्या नावातच असावे: ‘सुरुवात’ नव्हे, ‘सुरुवात_सेकंद’. आमचे संकलक टाइमलाइनवरून ००:०१:३०:१२ असा टाइमकोड लिहून देत. त्यातले शेवटचे १२ म्हणजे फ्रेम, अर्थात २५ फ्रेमच्या हिशेबाने ०.४८ सेकंद. एजंटने शेवटच्या अपूर्णविरामाच्या (:) जागी टिंब दिले आणि एफएफएमपेगने ते ०.१२ सेकंद असे वाचले. काप ०.३६ सेकंद आधी बसला आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी मागच्या वाक्यातला शेवटचा ‘आहे’ ऐकू येऊ लागला. हा दोष लांबीच्या आकड्यावरून सहज ओळखू येत नाही, कारण सुरुवात आणि शेवट दोन्ही सेकंदाच्या काही अंशानेच सरकले होते. शेवटी आम्ही टाइमकोडचे सेकंद करून देणारे वेगळे टूल लिहिले आणि त्याला फ्रेम रेट देणे सक्तीचे केले.

आणखी एक. सहा टूल्स पुरेशी आहेत, ती वाढवू नका. ‘कोणतीही एफएफएमपेग आज्ञा चालवा’ असे सातवे टूल देण्याचा मोह होईल, आम्हालाही झाला होता. ते दिले की एजंट बाकीच्या सहांकडे ढुंकूनही पाहत नाही.

संकलनमेज

दोघांचेही आभार. काल कापण्याच्या टूलचे वर्णन या धर्तीवर नव्याने लिहिले आणि दोन मिनिटांच्या फाइलीचा प्रकार थांबला. मात्र काम खरोखर नीट झाले की नाही, हे एजंटला कसे कळावे? एफएफएमपेगने शून्य, म्हणजे त्रुटी न आल्याचा संकेत, परत केला की तो समाधानी होतो.

उत्तर ३: पडद्यामागे

शून्याचा अर्थ आज्ञा शेवटपर्यंत चालली, एवढाच. टूलने काय परत करावे, हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग समजा. आमचे टूल एफएफप्रोबकडून (एफएफएमपेगसोबत येणारे, फाइलची माहिती सांगणारे टूल) नव्या फाइलची प्रत्यक्ष लांबी, फ्रेम रेट आणि ध्वनिप्रवाहांची संख्या घेते आणि मागितलेल्या लांबीशेजारी ठेवून परत देते. शिवाय तुकड्याची पहिली आणि शेवटची फ्रेम चित्र म्हणून काढते, कारण आमचे मॉडेल चित्रे पाहू शकते. त्रुटीचा संदेशही पुढची वाट दाखवणारा असावा. ‘उंची विषम आहे’ एवढ्यावर न थांबता ‘७२१ ऐवजी ७२० द्या’ असे सांगितले, की एजंट दुसऱ्या प्रयत्नात सुधारतो.

उपशीर्षकांच्या टूलबद्दल मात्र आताच सावध करतो. एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्यांतील चित्रावर मजकूर लिहिणारा ‘ड्रॉटेक्स्ट’ फिल्टर देवनागरीची जुळणी करत नाही; ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी दिसतात. लिबॅस या उपशीर्षकांच्या लायब्ररीवर चालणारा ‘सबटायटल्स’ फिल्टर हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीच्या मदतीने अक्षरे नीट जुळवतो, फक्त देवनागरीचा फॉन्ट त्या यंत्रावर असला पाहिजे. तेव्हा मराठी मजकुरासाठी कोणते टूल वापरायचे आणि कोणत्या फॉन्टसह, हे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा. आमच्या एजंटने ‘विद्युत’ हा शब्द चाळीस व्हिडिओंवर फोडून ठेवला होता आणि प्रत्येक वेळी शून्यच परत आले होते.