वेळासची कासवपिल्लं: वेळ पर्यटकांची की पिल्लांची?

खाजणकाठ
मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासव महोत्सवात पिल्लं समुद्रात सोडायच्या वेळा ठरलेल्या: सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. माझा याला विरोध आहे. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं बहुतेक वेळा वाळू थंड झाल्यावर, म्हणजे रात्री किंवा पहाटे घरट्यातून वर येतात. रात्री तीनला वर आलेलं पिल्लू सातपर्यंत घरट्यावर झाकलेल्या टोपलीच्या कडेला पाय मारत बसतं. पोटात उरलेल्या बलकावर त्याला सुरुवातीचे दिवस काढून खोल पाणी गाठायचं असतं. तो इथेच खर्च होतो. वर उजाडल्यावर कावळे आणि घारी आहेतच. पर्यटकाने नाही पाहिलं तर कासवाचं काय बिघडतं?

पुळणकर
बिघडतं की! २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे काम सुरू केलं, त्याआधी अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्हीकुत्री उकरायची. १९७२चा वन्यजीव कायदा तेव्हाही होताच. पण रात्री दोनला पुळणीवर कायदा फिरत नाही, घरटी राखणारा कासवमित्र फिरतो. आता घरोघरी पाहुणे उतरतात, म्हणून घरट्याला हात लावणाऱ्याला गावच आडवं येतं.

खाजणकाठ
पैसा मिळावाच, पण तो पिल्लू दिसण्यावर का अडकवायचा? रात्री वर आलेली रात्रीच सोडा. पहाटे पाचनंतरची तेवढी पाहुण्यांसमोर, तीही उन्हं यायच्या आत. घरटं फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात, नेमकी तारीख कुणालाच सांगता येत नाही. 'पिल्लू दिसेलच असं नाही' हे बुकिंग घेतानाच सांगावं.

ओहोटी
टोपलीवर भांडताय, हॅचरीचं, म्हणजे अंडी आणून पुन्हा पुरतात त्या राखलेल्या जागेचं, काय? अंडी घातल्यापासून सहाएक तासांत हलवायची, तीही न उलटवता. उशीर झाला की धक्क्याने आतला गर्भ दगावतो. खड्डा दीडेक फूट खोल, मडक्यासारखा: तोंड अरुंद, पोट मोठं. जागा वाचवायला खड्डे खेटून काढले की एका घरट्यातल्या शंभरेक अंड्यांची ऊब शेजारच्याला लागते. गरम वाळूत माद्या जास्त होतात, थंड वाळूत नर. फारच तापली तर अंडी मरतात. एप्रिलच्या उन्हात वर सावलीची जाळी हवीच. हे फोटोत येत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

पुळणकर
ओहोटी, मान्य. दोरीच्या आत कुणी येऊ नये, फ्लॅश नको, पिल्लाला हात लावू नये, पाण्यापासून दहाएक मीटर अलीकडे सोडून त्याला स्वतः चालू द्यावं, यावरही वाद नाही. खाजणकाठ, तुमची रात्रीची सोडणीही पटते. पण टोपल्या दर तासाला बघायच्या, पिल्लं मोजायची, नोंद करायची, कुत्री हाकलायची, हे एका माणसाचं काम नाही. आधी दुसऱ्या कासवमित्राचं मानधन कुठून येणार ते सांगा.

खाजणकाठ
पाहुण्यामागे वीस रुपये जादा घ्या आणि हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

पुळणकर
आणि मे ते ऑक्टोबर? पाहुणे नसतात तेव्हा?