वेळ लावून ठेवायचा कॉफीमेकर: घ्यावा की नाही?

प्रेषक: एडिसनकर

मंडळी, नमस्कार.

घरात पहाटे साडेपाचला बाहेर पडणारं एक माणूस आणि सातला उठणारी दोन. रात्री पाणी-पावडर भरून ठेवली आणि पाचला कॉफी तयार मिळाली तर बरं, म्हणून घड्याळवाला ड्रिप कॉफीमेकर घ्यायचा विचार आहे. घड्याळासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का? भांडं काचेचं घ्यावं की थर्मॉसचं? आणि इंडियन ग्रोसरीत मिळते ती चिकरीवाली फिल्टर कॉफी त्यात चालते का? मे महिन्यात आई-बाबा येताहेत, त्यांना जायफळ घातलेली दुधाचीच कॉफी लागते. जाणकारांनी सांगावं.

प्रेषक: पिट्सबर्गकर

एडिसनकर,

घड्याळासाठी म्हणून एक डॉलरही जास्त देऊ नका. अख्ख्या यंत्रातला तो सगळ्यात स्वस्त भाग. पैसे कुठे घालायचे हे कळण्यासाठी तळाचं झाकण काढून (आधी प्लग काढून!) आत काय आहे ते बघावं लागतं.

आत नालाच्या आकाराची अ‍ॅल्युमिनियमची नळी असते आणि तिला चिकटून तापणारी कॉइल. टाकीतलं गार पाणी एका एकतर्फी व्हॉल्व्हमधून नळीत उतरतं. तिथे उकळी फुटली की वाफेचे बुडबुडे पाण्याचे घोट वर ढकलतात. व्हॉल्व्हमुळे पाणी मागे टाकीत जाऊ शकत नाही, म्हणून ते वर चढतं आणि पावडरीवर पडतं. पंप नाही, मोटर नाही. साध्या यंत्रात तीच कॉइल भांड्याखालची प्लेटही तापवते. स्वस्त यंत्रांची ही रचना गेली कित्येक वर्षं फारशी बदललेली नाही.

म्हणून खोक्यावरचे कप वाचू नका, वॅट वाचा. पावडरीवर पडताना पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सियस असावं आणि सगळं उतरायला ४ ते ८ मिनिटं लागावीत, असा स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचा दंडक आहे. आता हिशोब करा. १२ कपी यंत्र, ‘कप’ ५ औंसांचा, म्हणजे एकूण १.८ लिटर पाणी. ते २० अंशांवरून ९५ वर न्यायला सुमारे ५६५ किलोज्यूल लागतात. ९०० वॅटच्या यंत्राला त्यासाठी साडेदहा मिनिटं लागणारच, त्यात जादू चालत नाही. १५०० वॅटचं यंत्र सव्वासहा मिनिटांत मोकळं होतं. कमी वॅटचं घेतलंत तर अर्धीच टाकी भरा, वेळ बरोबर बसते.

मात्र १५०० वॅट म्हणजे १२० व्होल्टला १२.५ अँपिअर. त्याच सर्किटवर टोस्टर लावलात की ब्रेकर पडणार.

भांड्याबद्दल: काच आणि गरम प्लेट ही जोडी तुमच्या कामाची नाही. इथली बहुतेक यंत्रं प्लेट दोन तास चालू ठेवतात. पाचची कॉफी सातला पिणाऱ्यांच्या वाट्याला काढा येईल. थर्मॉसचंच घ्या.

प्रेषक: फ्रँकफर्टकर

अमेरिका सोडली तरी आपली ही चर्चेची यादी सोडवत नाही, म्हणून मध्येच बोलतो.

पिट्सबर्गकर काकांचा प्लेटचा मुद्दा इकडे कायद्यातच आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०१५ पासून विकायला आलेल्या घरगुती ड्रिप यंत्रांना कॉफी उतरल्यावर आपोआप बंद व्हावं लागतं: साधं काचेचं भांडं असेल तर ४० मिनिटांत, थर्मॉस असेल तर ५ मिनिटांत. हेतू वीज वाचवण्याचा होता, वाचली कॉफीची चव. तुमच्याकडच्या बऱ्याच यंत्रांत ही वेळ बदलता येते. मॅन्युअलमध्ये ‘ऑटो ऑफ’ शोधा आणि अर्ध्या तासावर आणून ठेवा. ज्यात बदलताच येत नाही ते यंत्र दुकानातच राहू द्या.

थर्मॉसची एक मेख मात्र कुणी सांगत नाही. थर्मॉस आधी कढत पाण्याने विसळून घ्यावा लागतो, नाहीतर त्याचं गार पोलाद पहिल्या कपाची ऊब पिऊन टाकतं. वेळ लावून ठेवली असेल तेव्हा पहाटे पाचला कढत पाणी कोण ओतणार? त्यामुळे घड्याळ आणि थर्मॉस एकत्र वापरायचं असेल तर निम्म्यापेक्षा कमी कधी भरू नका. दोन कपांसाठी लावलंत तर कोमट मिळेल.

प्रेषक: सिएटलकर

एवढा खटाटोप कशाला? साधं खटक्याच्या स्विचचं यंत्र घ्या आणि भिंतीत पंचवीस डॉलरचा स्मार्ट प्लग लावा. मोक्कामास्टर नावाच्या ड्रिप यंत्राला घड्याळ नाही, साधा खटका आहे, आणि कॉफी घड्याळवाल्यांपेक्षा सरस. खटका रात्री ‘चालू’वर ठेवायचा, पाचला प्लग वीज सोडतो, काम झालं.

प्रेषक: पिट्सबर्गकर

सिएटलकर, उपाय चांगला आहे, पण अर्धाच सांगितलात.

एक तर तो फक्त यांत्रिक खटक्यावर चालतो. डिजिटल बटणांच्या यंत्राची वीज तोडली की त्याची आठवणच पुसली जाते. पाचला वीज आली की ते १२:०० लुकलुकवत बसतं, कॉफी करत नाही. दुसरं, प्लगवर १५ अँपिअर लिहिलेलं असलं पाहिजे. दिव्यांसाठीचे हलके टायमर १४७५ वॅटच्या यंत्राला जोडले की तापतात आणि त्यांचं प्लास्टिक वितळतं. एक्स्टेन्शन कॉर्ड तर नकोच. आणि वीज बंद करायची वेळही प्लगमध्ये घाला, नुसती सुरू करायची नव्हे. पाचला चालू, पावणेसहाला बंद.

तरी मी घड्याळवाल्याच्याच बाजूने आहे. माणूस जवळ नसताना सुरू होणाऱ्या यंत्राचं घड्याळ, थर्मोस्टॅट आणि बंद होण्याची वेळ एकाच बनवणाऱ्याने जुळवलेली असावी. टाकी रिकामी राहिली तर कोरडी कॉइल तापते, थर्मोस्टॅट तिची वीज तोडतो-जोडतो, आणि तोही अडकला तर आतला थर्मल फ्यूज उडतो. फ्यूज एकदाच उडतो. तो बदलण्यापेक्षा नवीन यंत्र स्वस्त पडतं, हे आजचं दुर्दैव.

आता रात्रीचा क्रम, कारण बिघडतं ते इथेच.

आधी थर्मॉस रिकामा आहे ना ते उघडून बघा. आदल्या दिवशीची दोन कप कॉफी आत राहिली असेल तर तेवढीच पहाटे ओट्यावर येते. पाणी मोजून टाकीत घाला. बऱ्याच टाक्यांना मागे वरच्या बाजूला भोक असतं, जास्त झालेलं पाणी तिथून गपचूप ओट्यावर सांडतं. लोक ‘गळतं’ म्हणून यंत्र परत करतात, गळत काही नसतं. सपाट बुडाचा कागदी फिल्टर असेल तर कडा पाण्याच्या बोटाने ओल्या करून बास्केटला चिकटवा. कोरडी कड आत दुमडली की पावडर भांड्यात उतरते. मग पावडर, मग झाकण.

भांडं शेवटी, झाकणासकट, टच आवाज येईपर्यंत आत सरकवा. बास्केटच्या तळाला थेंब अडवणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो आणि भांड्याचं झाकण तो वर ढकलून उघडतं. झाकण नसेल किंवा भांडं बोटभर बाहेर राहिलं असेल तर व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. वरून पाणी पडतच असतं, बास्केट भरून वाहते आणि पावडरीचा चिखल ओट्यावरून खणात उतरतो. या यंत्राचा सगळ्यात मोठा घोटाळा हाच, बाकी सगळे किरकोळ.

शेवटी एएम-पीएमचा ठिपका बघा आणि ‘ऑटो’ दाबा. बहुतेक यंत्रांत वेळ लक्षात राहते, पण ‘ऑटो’ रोज रात्री दाबावं लागतं. दिवा लागला तरच सकाळी कॉफी. मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार या दिवशी तास पुढे-मागे करायचा. पाच सेकंद वीज गेली तरी घड्याळ पुसलं जाणारी यंत्रं आहेत, म्हणून वादळी रात्रीनंतर त्याच्यावर भरवसा नको.

प्रेषक: फीनिक्सकर

काका, आमच्या अ‍ॅरिझोनात तास पुढे-मागे करायची भानगड नाही, तेवढं एक सुख. पाणी मात्र असं जड की यंत्र त्यानेच मरतं.

गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर त्या नळीत बसतो. खूण अशी: यंत्र गुरगुरतं, वाफ फार, पाणी थोडं, आणि आठ मिनिटांचं काम पंधरावर जातं. थर उष्णता अडवतो, त्यामुळे कॉइल नको तितकी तापून थर्मोस्टॅट वेळेआधीच तोडतो. एकतर्फी व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला तर गरम पाणी उलटं टाकीत येतं. टाकीचं पाणी गरम लागलं की समजायचं.

उपाय इंडियन ग्रोसरीतच आहे, लिंबाचं फूल (सायट्रिक अ‍ॅसिड). १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम विरघळवा, साधारण दोन टेबलस्पून. टाकीत पाणी गाळायची कोळशाची पुडी असेल तर ती आधी काढून ठेवा. अर्धं पाणी उतरलं की यंत्र बंद करून अर्धा तास थांबा, मग उरलेलं उतरवा, मग दोन वेळा साध्या पाण्याची पूर्ण टाकी. व्हिनेगर निम्मं-निम्मं घातलं तरी चालतं, पण वास कॉफीला पुढचे दोन दिवस सोडत नाही. आमच्याकडे दर महिन्याला करावं लागतं. सिएटलकरांचं पाणी हलकं आहे, त्यांना वर्षातून दोनदा पुरेल. आणि दिवसभर टाकीचं झाकण उघडं ठेवा. ओली, अंधारी टाकी म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

आता चिकरीचं. एडिसनकर, ती पावडर पितळी-स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली असते, बारीक. वर चिकरी पाण्यात फुगते आणि चिकट होते. कागदी फिल्टरची छिद्रं बुजतात, पाणी खाली जात नाही, आणि काकांनी सांगितलेला तोच चिखल होतो. चिकरी हवीच असेल तर २० टक्क्यांपर्यंतचीच घ्या, तीन भाग मध्यम दळलेल्या साध्या कॉफीत तिचा एक भाग मिसळा आणि टाकी अर्धीच भरा. निम्मी चिकरी असलेली पावडर या यंत्रात घालूच नका, तिच्यासाठी आपला डबल डेकर फिल्टर आहे. ब्रूसारखी इन्स्टंट तर नक्कीच नको, ती गाळायची गोष्टच नाही.

दुधाच्या कॉफीचं प्रमाण: ९०० मिलिलिटर पाण्याला एरवी ५० ग्रॅम पावडर लागते, दुधासाठी ६५ घ्या. पावडर वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, म्हणजे हातात येईल पाऊण लिटरच्या थोडं वर. दूध वेगळं, दाटसर तापवलेलं. जायफळ दुधात उगाळा, बास्केटमध्ये टाकलंत तर त्याचा अर्क कागदातच राहतो. आणि हात जोडून सांगते, टाकीत दूध घालू नका. नळीत करपलेलं दूध कशानेच निघत नाही.

आई-बाबांपैकी कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर सोनेरी जाळीचा कायमचा फिल्टर न वापरता कागदच वापरा. कॉफीच्या तेलातला कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवतो, कागद तो बराचसा अडवतो, जाळी जाऊ देते.

प्रेषक: एडिसनकर

ताई, काका, सगळ्यांचे आभार. १५०० वॅट, थर्मॉस, बंद व्हायची वेळ बदलता येणारं, असं ठरलं. आणखी दोन शंका. दळणयंत्र आतच असलेलं घेतलं तर रात्रभर उघडी राहणारी पावडर शिळी होणार नाही ना? आणि आई-बाबा परत निघताना असंच एक पुण्याला दिलं तर?

प्रेषक: फ्रँकफर्टकर

आतलं दळणयंत्र नको. पाचला ते मिक्सरसारखं ओरडेल आणि सातला उठणारेही पाचलाच उठतील. शिवाय बास्केटची वाफ दळणाच्या तोंडाशी जाते, ओलसर भुकटी तिथे चिकटून बसते, आणि रोज ब्रशने खरवडली नाही तर तोंड बुजतं. रात्री झोपताना ताजी दळून घाला. आठ तासांत सुवास थोडा उतरतो, काळी पिणाऱ्याला ते जाणवेल. दूध-जायफळवाल्याला जाणवणार नाही.

पुण्याचं म्हणाल तर तिकडचं २३० व्होल्ट थेट दिलंत तर यंत्र पहिल्याच दिवशी जळेल. १५०० वॅटला पुरेल असा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर चांगला दहा-पंधरा किलोचा धोंडा असतो. तोही आणलात तरी तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. बऱ्याच स्वस्त यंत्रांचं घड्याळ विजेचे ठोके मोजून चालतं आणि ते अमेरिकेत सेकंदाला ६०, भारतात ५०. म्हणजे घड्याळ तासाला १० मिनिटं मागे पडणार, दिवसाला ४ तास. रात्री दहाला पहाटे पाचची वेळ लावली तर कॉफी सकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी. तिथेच २३० व्होल्टचं, बिनघड्याळाचं, खटक्याचं यंत्र घेऊन द्या. त्याला १६ अँपिअरचा टायमर प्लग लावता येतो, आणि काकांच्या प्लगच्या सगळ्या अटी तिथेही लागू.