इग्नेशियसची एकोणिसावी सूचना

'संसारी माणसाला इग्नेशियसची ही ख्रिस्ती ध्यान-प्रार्थनेची साधना जमायची नाही, त्यासाठी सगळं सोडून महिनाभर रिट्रीटला (प्रार्थनेसाठीच्या एकांतवासाला) बसावं लागतं' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. एकांताचं मोल आहेच. पण जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या 'आध्यात्मिक साधना' पुस्तकामुळे ही तीस दिवसांची पद्धत रूढ झाली (पोपची मान्यता १५४८ची), त्यातच एकोणिसावी सूचना आहे: कामाधंद्यात गुंतलेल्या माणसाने रोज दीड तास काढून, घरी राहूनच ही साधना करावी. म्हणजे ही सवलत मागाहून कुणी दिलेली नाही, मुळातच आहे.

दीड तासही जड वाटत असेल तर त्याच पुस्तकातलं विशेष आत्मपरीक्षण करून बघा. एकच दोष निवडायचा, समजा तडकून बोलणं. सकाळी उठताच त्याची आठवण ठेवायची, दुपारी आणि रात्री झडती घ्यायची. वहीत दिवसाला दोन रेघा, एक दुपारच्या झडतीची, एक रात्रीच्या; त्यांवर जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. आणि घसरलो त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही हे करता येतं, कुणाच्या लक्षात येत नाही, असं इग्नेशियस स्वतः लिहितात. मी हे ऑफिसात करते, मीटिंगमध्येसुद्धा. पुढचं वाक्य तोंडातून निघण्याआधी तो हात मला खरोखर थांबवतो. फक्त एकट्याने सुरू करू नका. अधूनमधून ज्यांच्याशी मोकळेपणी बोलता येईल असे फादर किंवा सिस्टर आधी गाठा.