चावडीतली पहिल्या महायुद्धाची पाटी: आकड्यापलीकडे गावाबद्दल काय कळेल?

घाटमाथा
आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. इंग्रजी मजकुराचा आशय असा: या गावातून इतके इसम 1914-1919 च्या मोठ्या युद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. ग्रामपंचायतीला पुस्तिका काढायची आहे, पण पराक्रमाची वर्णनं नकोत. माणसं फौजेत गेल्याने गाव कसं बदललं, ते हवंय. जिल्हा सातारा. नावं कुठे मिळतील, कागद कोणते बघायचे? पाटीवर दोनदा ऑइलपेंट चढलाय, मेलेल्यांचा आकडा 3 की 8 तेही कळत नाही.

दगडफूल
आधी पाटीचं. अ‍ॅसिड, फरशी पुसायचं कडक औषध, तारेचा ब्रश, खरवडायची पत्री यांतलं काहीही लावू नका. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच दगड, अ‍ॅसिडने अक्षरांच्या कडा विरघळतात. अशा पाट्यांत कधीकधी अक्षरांत शिसं भरलेलं असतं. रंग खरवडायला गेलात तर तेच निघून येतं.

आकडा वाचायला रंग काढायची गरजही नाही. अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड आडवा सोडा आणि समोरून फोटो काढा. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो. खाचेत सावली पडते. 8 असेल तर डावी बाजू बंद दिसेल, 3 असेल तर सावली तिथे तुटेल. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायची सवय सोडा, छिद्रांत बसलेलं पुन्हा निघत नाही.

जुने_कागद
मेलेल्यांची नावं मिळण्याची शक्यता चांगली आहे, जिवंत परतलेल्यांची कमी. त्या काळच्या हिंदी (म्हणजे भारतीय) शिपायांच्या वैयक्तिक सेवा-नोंदी फारशा उरलेल्या नाहीत. पंजाबचे भरतीचे मोठे रजिस्टर लाहोरच्या संग्रहालयात सापडले, सुमारे 3 लाख 20 हजार माणसांचे. पण ते पंजाबपुरतेच.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारा आयोग, त्याच्या संकेतस्थळावर शोधा. माणसाच्या नावाने सुरुवात करू नका, 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात गावाचं नाव टाका. बऱ्याच नोंदींत 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' असं असतं. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाचं, म्हणून गावाची चार-पाच रूपं करून बघा.

इथे माणसं फसतात ती जुन्या हद्दींमुळे. वाळवा आणि तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग रत्नागिरीत धरलेला, रायगडचं नाव कुलाबा. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. फलटण, भोर ही संस्थानं, ती वेगळी.

मग पलटण बघा. 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या मराठा पलटणी. 1922 च्या फेररचनेत त्या 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या, म्हणून घरच्या आठवणीतला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळला नाही तर गोंधळू नका. 103, 110 आणि 117 या तिन्ही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. मृत्यूची तारीख नोव्हेंबर 1915 ची असेल तर बहुधा टेसिफॉनची लढाई, आणि 29 एप्रिल 1916 नंतरची असेल तर कुत या वेढलेल्या गावी तुर्कांना शरण गेल्यावर कैदेतली असू शकते. अशा कैद्यांना तुर्कांनी रेल्वेच्या कामावर लावलं होतं.

इराकातल्या बसरा इथल्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. तुमच्या पाटीवरही तेच झालंय.

तलाठीबुवा
गाव कसं बदललं हे युद्धाच्या कागदांत नाही, महसुलाच्या कागदांत आहे.

गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची वही), 1914 ते 1921 पूर्ण उतरवून घ्या. बसऱ्यात मेलेला शिपाई त्यात सहसा नसतो, कारण ती गावात झालेल्या मृत्यूंची नोंद. पण सप्टेंबर ते डिसेंबर 1918 ची पानं उघडा. इन्फ्लुएन्झाच्या साथीने ती भरलेली असतात. देशभरात युद्धात सुमारे 74 हजार हिंदी सैनिक गेले. साथीने त्या एका हंगामात त्याच्या शंभरपटीहून जास्त माणसं नेली. पुस्तिकेत हे दोन आकडे शेजारी ठेवा, नाहीतर 1918 नंतर पडीक राहिलेल्या प्रत्येक वावराचं खापर युद्धावर फुटेल.

दुसरं, गाव नमुना 6, फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे ही वर्षं सापडायची शक्यता आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा, मोडीवाचक बरोबर न्या. तीन प्रकारच्या नोंदी वेगळ्या काढा: गहाण सुटलेलं, खरेदी, वारस. युद्धाआधी शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता. श्रीमंत होण्याइतका नव्हता, पण रोख होता, आणि पाऊस पडो न पडो, यायचा. सावकाराचं गहाण सुटलेलं दिसलं की त्या घरातला माणूस पलटणीत होता का ते बघा.

वारसनोंदीत विधवा शोधा. तिने पाट लावला की पेन्शन जायची, म्हणून घर तिला सोडायला तयार नसे. दिराशी लग्न केलं तर पैसा घरात राहतो, हा विचार सरकारी नियमांतही शिरला: शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू ठेवायला दिराशीच लग्न ही अट होती, ती नोव्हेंबर 2017 मध्ये निघाली.

पाऊलखुणा
वर सगळे 'मराठा पलटण' धरून चाललेत. महारवाड्यातून कोण गेलं ते आधी विचारा.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईतल्या मृतांत 22 नावं 'नाक'ने संपणारी, म्हणजे महारांची आहेत. पुढे ठरावीक जातीच लढाऊ असतात या इंग्रजांच्या 'लढाऊ जमातीं'च्या सिद्धान्ताखाली 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. दापोलीकडचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. मुद्दा फक्त नोकरीचा नव्हता. पलटणीत शाळा होती, शिपायांच्या मुलांना अक्षरओळख तिथे होई. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ महूला लष्करी शाळेतच शिक्षक होते. भरती थांबली तशी ही वाटही बंद झाली. 1917 मध्ये माणसं कमी पडू लागली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली आणि 1921 मध्ये मोडली. कायमची रेजिमेंट थेट ऑक्टोबर 1941 ला, बेळगावात.

म्हणून तुमच्या यादीत 111 क्रमांक आला तर तारीख नीट बघा. आणि एक खोड: नोंदीतला 'नाईक' हा हुद्दा असतो किंवा आडनाव, 'नाक' हा नावाचा भाग. टाइप करताना दोन्ही एकच समजून 'दुरुस्त' केलं की माणसाची जातच कागदावरून पुसली जाते.

घाटमाथा
टॉर्चचा प्रयोग केला, 8 आहे. आयोगाच्या यादीत गावाच्या तीन स्पेलिंगांवर मिळून पाचच नावं सापडतायत. उरलेले तीन?

जुने_कागद
आयोग 31 ऑगस्ट 1921 पर्यंतचे मृत्यू धरतो, त्यामुळे उशिरा मेलेलेही तिथे असायला हवेत. पण काही नोंदींत गावच नसतं, फक्त पलटण आणि बापाचं नाव. कोतवाल बुकातून त्या पिढीच्या बापांची यादी काढा आणि तिने शोधा. भिस्ती, खेचरवाले, मजूर यांच्या तुकड्याही बघा, ते मराठा पलटणींत दिसणार नाहीत.